ओस गावाचा राखणदार : कृष्णधवल व्यक्तिचित्र कसं टिपावं?

ओस पडलेल्या गावात कॅमेरा घेऊन शिरलं की पहिली नजर भिंतींकडे जाते. छप्पर उडालेली घरं, रिकामे कोनाडे, झिजलेले उंबरठे. तासाभरात शंभर-दीडशे फोटो होतात. परतताना फाटकापाशी बसलेला माणूस दिसतो, आणि जाता जाता त्याचाही एक काढला जातो. घरी येऊन बघावं तर भिंती सगळ्या एकमेकींसारख्या. पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तो त्या माणसाचा घाईत काढलेला फोटो, आणि नेमका तोच हललेला असतो.

राजस्थानातल्या कुलधऱ्याहून पहिल्यांदा परतले तेव्हा माझ्या हाती असाच एक फोटो होता. हललेला नव्हता, पण त्यात त्याहून मोठी चूक होती. तिथल्या राखणदाराला मी एका पडक्या भिंतीशी उभं केलं होतं आणि ‘लांब बघा’ असं सांगितलं होतं. फोटोत ते खिन्न, हरवलेले दिसतात. प्रत्यक्षात दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी भिंतीवर चढलेल्या एका मुलाला खणखणीत आवाजात खाली उतरवलं होतं. निखळलेला एक दगड उचलून भिंतीशी नीट टेकवून ठेवला होता. गाव ओस, म्हणून माणूसही उदास, हे मी गृहीत धरलं होतं. माझा फोटो त्यांच्याबद्दल खोटं बोलत होता.

आपल्या कोकणात राखणदार हा शब्द मोठा आहे. गावाच्या वेशीवर फिरणारा, दिसत नसला तरी गावाला जपणारा तो राखणदार. त्याला वर्षाची राखण दिली जाते, त्याचं नाव घेताना आवाज खाली येतो. ओसाड गावाच्या फाटकावरच्या माणसाकडे बघताना हाच शब्द मनात ठेवावा. तो पडझडीचा भाग नव्हे. पडझड आणि गाव यांच्या मध्ये तो उभा आहे. पुढे जे काही सांगणार आहे, उजेडाचं, अंतराचं, करड्या छटांचं, ते सगळं या एका गोष्टीसाठी : फोटोत त्याची राखण दिसली पाहिजे.

आधी गाव समजून घ्या

जैसलमेर बघायला जाणारी मराठी मंडळी बहुधा कुलधऱ्यालाही जाऊन येतात. जैसलमेर शहरापासून सुमारे 18 किलोमीटरवरचं हे गाव. पालीहून आलेल्या पालीवाल ब्राह्मणांनी ते तेराव्या शतकाच्या सुमारास वसवलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते ओस पडलं. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याच्या जाचाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली, जाताना शाप देऊन गेली, ही तिथली लोककथा. अभ्यासक पाण्याची टंचाई, करांचा बोजा, भूकंप अशी कारणं मांडतात.

फोटोसाठी ही माहिती कशाला हवी? कारण राखणदाराशी बोलायला विषय लागतो. दिवसभरात त्याला पर्यटकांकडून एकच प्रश्न ऐकावा लागतो : इथं भुतं आहेत का? तुम्ही खडीनबद्दल विचारा. पावसाचं वाहतं पाणी मातीच्या बांधानं अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू पेरायचा, ही वाळवंटातली शेती पालीवालांनी नावारूपाला आणली. जवळच्या काकनी नदीच्या कोरड्या पात्राबद्दल विचारा, स्मशानातल्या कोरीव देवळ्यांबद्दल, म्हणजे स्मृतिशिळांबद्दल विचारा. भुतांचं विचारलं की माणूस पाठ केलेलं उत्तर देतो. शेतीचं, पाण्याचं विचारलं की त्याचे हात हलायला लागतात, डोळ्यांत चमक येते. तो चेहरा आपल्याला हवा आहे.

ओसाड गाव राखणं म्हणजे काय, हे समजायला एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बोडी नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव आहे. 1880 च्या आसपास तिथं हजारोंची वस्ती होती, पुढं खाणी आटल्या आणि गाव रिकामं झालं. 1962 मध्ये राज्यानं ते ऐतिहासिक उद्यान म्हणून ताब्यात घेतलं, पण त्याआधी तिथल्या बऱ्याच मालमत्तेचे मालक असलेल्या केन कुटुंबानं पगारी राखणदार ठेवले होते. घरांतलं सामान, दुकानांतल्या बाटल्या, शाळेतले बाक कुणी उचलून नेऊ नयेत, हेच त्यांचं काम. आजही तिथं घरं नव्यानं सजवत नाहीत. आहेत त्या स्थितीत ती कोसळू नयेत, एवढीच डागडुजी करतात. राखणदाराचं काम असं असतं : जे घडलं नाही त्यातून ते कळतं. चोरी झाली नाही, भिंत पडली नाही, कुणी नाव कोरलं नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही. म्हणून तिच्या खुणा शोधाव्या लागतात.

पहिला तास कॅमेरा पिशवीतच

पोहोचल्यावर तिकीट काढा, ‘राम राम सा’ म्हणा, शेजारी बसा. कॅमेरा पिशवीत राहू द्या. हा वेळ वाया जात नाही, तुम्ही दोन कामं करत असता. एक, त्यांची ओळख. दुसरं, निरीक्षण. ते कुठं बसतात? सावली सरकली की कुठं सरकतात? दिवसातून किती वेळा फेरी मारतात? कोणत्या घरापाशी थांबतात? हात रिकामे असले की कुठं ठेवतात? प्रत्येक राखणदाराची गावात एक आपली जागा असते. चांगला फोटो बहुतेक वेळा त्याच जागेवर मिळतो, तुमच्या आवडत्या भिंतीपाशी नव्हे.

मग सरळ परवानगी मागा. काय काढणार, किती वेळ लागेल, फोटो कुठं छापला जाईल, हे साध्या हिंदीत सांगा. अशा गावातला राखणदार बहुधा कुणाचा तरी नोकर असतो, त्यामुळं ‘साहेबांना विचारावं लागेल’ असं उत्तर आलं तर राग मानू नका. एका फोटोपायी त्याची नोकरी अडचणीत येता कामा नये. तिपाई लावायची असेल किंवा फोटो व्यावसायिक कामासाठी असेल, तर परवानगी आधीच काढून ठेवा. जैसलमेर सीमेवरचा जिल्हा आहे, तिथं ड्रोन विनापरवाना उडवण्याचा विचारही करू नका. आणि नकार आला तर तो नकारच. चहा पिऊन, नमस्कार करून उठायचं.

राखण दिसते कशात?

जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर यांनी आपल्या काळातल्या सगळ्या थरांतल्या माणसांची कृष्णधवल व्यक्तिचित्रं काढली. 1928 मधला त्यांचा एक मिठाईवाला प्रसिद्ध आहे. पांढरा अंगरखा, हातात मोठं भांडं, नजर थेट कॅमेऱ्यात. तो हसत नाही, काही करून दाखवत नाही. हातातलं भांडं आणि उभं राहण्याची ऐट, एवढ्यावर त्याचा सगळा व्यवसाय कळतो. अमेरिकेतले आर्नल्ड न्यूमन यांनी 1946 मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्की यांचा फोटो काढला, त्यात चौकटीचा बहुतेक भाग पियानोच्या उघड्या झाकणानं व्यापलेला आहे आणि माणूस कोपऱ्यात आहे. तरी ते व्यक्तिचित्रच आहे, कारण ते झाकण त्या माणसाच्या आयुष्याएवढंच मोठं आहे.

राखणदाराचं भांडं कोणतं, पियानो कोणता, ते शोधा. चाव्यांचा जुडगा असेल. शिट्टी, काठी, खराटा, विजेरी, पाण्याचं मडकं, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही असेल. यातली एकच वस्तू निवडा आणि ती त्यांच्या रोजच्या वापरातली असू द्या. गावात सापडलेला जुना कंदील त्यांच्या हातात देऊ नका. कंदील सुंदर दिसेल, पण तो त्यांचा नाही. खांद्यावरचं उपरणं, मनगटावरचं घड्याळ, खिशातला मोबाइल काढून ठेवायलाही सांगू नका. हा माणूस आजच्या काळातला आहे. त्याला दोनशे वर्षं मागं ढकललं की तो राखणदार राहत नाही, देखाव्यातला पुतळा होतो.

रंग गेल्यावर काय उरतं?

कृष्णधवल फोटोत रंगांचं वेगळेपण नाहीसं होतं, फक्त उजळ आणि गडद उरतं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण जागेवर विसरायला होतं. कुलधऱ्यात लाल साफा बांधलेला माणूस पिवळ्या दगडाच्या भिंतीसमोर उठून दिसतो. रंग काढा, आणि साफा व भिंत कदाचित एकाच करड्या छटेत विरघळतील. त्याहून अवघड गोष्ट त्वचेची. उन्हानं रापलेला गव्हाळ चेहरा आणि पिवळसर वालुकाश्म यांचे रंग एकमेकांच्या इतके शेजारचे आहेत की सपाट उजेडात चेहरा भिंतीतच मुरतो.

यावर तीन उपाय आहेत. सगळ्यात भरवशाचा उपाय उजेडाचा : चेहरा उजेडात आणि मागची भिंत सावलीत, किंवा उलट. ही फारकत डोळ्यांना दिसते, त्यामुळं नंतर संगणकावर झगडावं लागत नाही. दुसरा उपाय अंतराचा : माणसाला भिंतीपासून चार-पाच पावलं पुढं आणा, म्हणजे मागचे दगड थोडे मऊ होतात आणि चेहऱ्याची कड सुटी होते. तिसरा उपाय फिल्टरचा. फिल्मवर काम करणाऱ्यांनी पिवळा-हिरवा फिल्टर वापरून बघावा. पिवळा दगड हिरवा उजेड बराच परावर्तित करतो, तांबूस त्वचा तेवढा करत नाही. त्यामुळं भिंत किंचित उजळते आणि चेहरा किंचित गडद होऊन तिच्यापासून वेगळा होतो. निव्वळ पिवळा किंवा नारिंगी फिल्टर आकाश छान गडद करतो, पण दगड आणि त्वचा दोन्ही एकदम उजळवतो.

डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृष्णधवल चित्र दिसेल अशी सोय करा आणि फाइल मात्र ‘रॉ’ स्वरूपात साठवा. म्हणजे जागेवर करड्या छटा दिसतात आणि घरी सगळे रंगही हाती राहतात. पडदा नसलेला कॅमेरा असेल तर जुनी युक्ती आहे : डोळे अर्धवट मिटून बघा. बारकावे जातात, उजळ-गडद ठोकळे उरतात. चेहरा त्या ठोकळ्यांत शोधावा लागत असेल तर जागा बदला.

उजेड : तीन वेळा, तीन चेहरे

पहिला उजेड सकाळचा. सूर्य वर येतानाचं तिरपं ऊन भिंतींच्या प्रत्येक दगडाला सावली देतं. या उजेडात राखणदाराला फेरीवर असताना टिपा. ऊन एका बाजूनं आलं तर चेहऱ्याच्या सुरकुत्या आणि दगडांच्या भेगा सारख्याच खोल दिसतात. इथं जरा थांबून विचार करा. चेहरा आणि भग्न भिंत यांची तुलना डोळ्यांना लगेच सुचते आणि म्हणूनच ती फार वापरली गेलीय. तिच्यावर सगळा फोटो तोलू नका. उन्हाकडं तोंड थोडं वळवायला सांगा, म्हणजे सुरकुत्यांपेक्षा डोळे आधी दिसतील.

दुसरा उजेड दुपारचा. दुपारी कॅमेरा बंद करावा असं सगळे सांगतात. पण जैसलमेर साधारण 27 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं डिसेंबरच्या अखेरीस तिथं भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 40 अंशच वर असतो. हिवाळ्यातली दुपार चांगलीच तिरपी असते. जूनमध्ये मात्र तो जवळजवळ डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली साचते. तेव्हा दाराचा आधार घ्या. राखणदाराला उंबरठ्याच्या आत हातभर अंतरावर, तोंड बाहेर करून उभं करा किंवा बसवा. बाहेरचं आकाश समोरून मऊ उजेड देतं, आणि दारापुढची तापलेली वाळू खालून उजेड वर फेकते. साफ्याच्या घड्यांखाली गेलेले डोळे त्या वाळूच्या उजेडानं उघडतात. मागचं घर काळोखात बुडतं आणि चेहरा त्यातून पुढं येतो. विकतचा परावर्तक न बाळगता मिळणारा हा उजेड मला सगळ्यात आवडतो. फक्त घराची भिंत आणि चौकट मजबूत आहे का, हे त्यांनाच विचारा. कुठं पाय ठेवायचा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

तिसरा उजेड गाव बंद होतानाचा. पर्यटक बाहेर पडतात, शेवटची फेरी होते, फाटकाला कुलूप लागतं. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावल्या नसलेला, सगळीकडून येणारा उजेड उरतो. राखणदाराच्या दिवसातला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण असतो, म्हणून तो टिपायला फाटकाच्या बाहेर तयार उभे राहा. आणखी दहा मिनिटं आत थांबू द्या, असा आग्रह मात्र धरू नका. जो नियम राखण्यासाठी तो माणूस तिथं आहे, तोच त्याला मोडायला लावायचा नाही.

लेन्स, अंतर आणि आकडे

पूर्ण आकाराच्या सेन्सरचा किंवा 35 मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा उभा धरलाय असं समजून ही अंतरं देते. 35 मिलिमीटर लेन्सनं दोन मीटरवरून माणूस जवळजवळ डोक्यापासून पायापर्यंत येतो आणि आजूबाजूचं घरही दिसतं. 50 मिलिमीटरनं तेवढ्याच अंतरावरून मांडीपासून वर येतो, हात आणि हातातली वस्तू ठळक होतात. 85 मिलिमीटरनं दीड मीटरवरून डोकं आणि छाती. एकच लेन्स न्यायची असेल तर 50 न्या. माणूस आणि त्याची जागा यांचं माप तिला बरोबर कळतं.

मोबाइलवर काढणार असाल तर मुख्य कॅमेरा रुंद असतो, अगदी जवळ गेलं की नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात. दीड मीटरवर थांबा आणि दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. पार्श्वभूमी पुसट करणारी सोय बंद ठेवा. साफ्याची कड आणि काठीचं टोक ती हमखास खाते, आणि मागचं गाव पुसून टाकायला तर आपण आलेलोच नाही.

छिद्र एफ/5.6 ते एफ/8 ठेवा, म्हणजे चेहरा नेमका आणि मागचं गाव ओळखू येईल इतकं स्पष्ट राहतं. स्वच्छ उन्हात आयएसओ 400 ला एफ/16 आणि 1/400 सेकंद हा जुना हिशेब आजही चालतो. दाराबाहेरच्या मोकळ्या सावलीत तो साधारण तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली येतो, म्हणजे एफ/5.6 आणि 1/400. उंबरठ्याच्या आत आणखी एक स्टॉप : एफ/5.6 आणि 1/200. ही सुरुवात समजा आणि मीटर बघून बदल करा.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. मागं काळोखं दार असेल तर तो चेहरा पांढराफटक करतो, मागं चकाकती वाळू असेल तर चेहरा काळवंडवतो. म्हणून मोजमाप चेहऱ्यावरच घ्या. ॲन्सेल ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह मांडलेल्या झोन पद्धतीत गोऱ्या त्वचेला मध्यम करड्याच्या एक स्टॉप वर जागा दिली आहे. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या, रापलेल्या चेहऱ्यांना बहुतेक वेळा मीटरचं मोजमाप आहे तसंच शोभतं. तो एक स्टॉप आंधळेपणानं वाढवला की चेहऱ्याचा कस जातो. पांढरा सदरा किंवा धोतर असेल तर त्यातल्या घड्या दिसताहेत ना, एवढं तपासा. डिजिटलमध्ये एकदा जळालेला पांढरा परत येत नाही.

फिल्मवर गणित उलट चालतं, तिथं सावल्या जपायच्या असतात. कडक उन्हात 400 ची फिल्म 200 समजून उजेड द्या आणि धुताना वेळ थोडा कमी करा, म्हणजे सावलीतला तपशीलही मिळतो आणि पांढरा भागही आवाक्यात राहतो. उन्हात उभ्या गाडीत फिल्म ठेवू नका, आणि उडत्या वाळूत लेन्स बदलू नका.

हात, पाय आणि नजर

‘हसा’ म्हणू नका, ‘गंभीर व्हा’ असंही म्हणू नका. काम सांगा. ‘रोज कुलूप कसं लावता, ते एकदा लावा.’ ‘ते शेवटचं घर कोणतं म्हणालात?’ हाताला काम मिळालं की खांदे सैल होतात. काम संपल्यावर माणूस क्षणभर तुमच्याकडं बघतो : झालं का? त्या नजरेत ना अभिनय असतो, ना अवघडलेपण. बटण तेव्हा दाबा.

कॅमेऱ्याची उंची त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. ते बसले असतील तर तुम्हीही खाली बसा. वरून काढलेल्या फोटोत राखणदार केविलवाणा दिसतो, अगदी खालून काढलेल्यात नाटकी. पायांकडंही बघा. झिजलेल्या चपला, धुळीनं माखलेल्या टाचा, हे रोजच्या फेऱ्यांचे दाखले आहेत. ते चौकटीत घ्यायचे तर पूर्ण घ्या. घोट्यात किंवा मनगटात चौकट कापू नका.

एका फोटोवर थांबू नका

एका माणसाचे निदान पाच फोटो मनात ठरवून जा. एक, दाराच्या उजेडातला चेहरा. दोन, हात आणि ती एक वस्तू. तीन, दूरवरून : मोठं गाव, त्यात फेरीवरचा छोटा माणूस. चार, त्यांची बसायची जागा, ते तिथं नसताना : खुर्ची, मडकं, खुंटीवरचं उपरणं. पाच, फाटक बंद होताना. मासिकात किंवा प्रदर्शनात पाचही लावता येतात. एकच निवडायचा झाला तरी पाच काढताना तुम्ही त्या माणसासोबत पूर्ण दिवस घालवलेला असतो, आणि तो दिवस निवडलेल्या फोटोत उतरतो.

घरी आल्यावर

रंगीत फाइल कृष्णधवल करताना प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी सरकवता येते. लाल-नारिंगी पट्टी वर नेली की त्वचा उजळते आणि डाग-सुरकुत्या मवाळ होतात. खाली नेली की त्वचा गडद होते, प्रत्येक रेघ ओरडू लागते. म्हाताऱ्या, कष्टकरी माणसांच्या फोटोत ही पट्टी खाली ओढून, वर कडक काँट्रास्ट चढवून चेहरा भेगाळलेल्या जमिनीसारखा करण्याची एक सवय पडून गेली आहे. असे फोटो चटकन नजरेत भरतात. पण त्या माणसाच्या मुलीनं तो फोटो बघितला, तर तिला आपले वडील ओळखता येतील का? मी पट्ट्या सरकवताना हाच प्रश्न विचारते. पिवळी पट्टी थोडी वर, नारिंगी अगदी किंचित खाली, एवढ्यानं कुलधऱ्याचा दगड आणि चेहरा वेगळे होतात. बाकी फारकत उजेडानं आधीच केलेली असते.

चौकटीच्या कडेचे भाग थोडे गडद करा, डोळ्यांच्या खोबणी जरा उजळा. अंधाऱ्या खोलीतही छापताना हातानं उजेड अडवून किंवा वाढवून हेच केलं जायचं. काळा खरोखर काळा आहे का आणि पांढऱ्यात अजून पोत आहे का, हे प्रिंटवर तपासा. मोबाइलच्या पडद्यावर सगळंच चमकतं.

नाव, पैसे आणि प्रिंट

1936 मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला. त्यांनी त्या बाईंचं नाव विचारलं नव्हतं. त्या फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन होत्या, हे जगाला कळलं ते 1978 मध्ये. आपला चेहरा सगळ्यांचा झाला आणि आपल्याला त्यातून काही मिळालं नाही, याची खंत त्यांनी बोलून दाखवली. फोटो थोर आहेच, पण ती खंतही त्या फोटोचा भाग आहे. म्हणून राखणदाराचं नाव त्यांनाच विचारून, त्यांना हवं तसं लिहून घ्या. नाव छापायला त्यांची ना असेल तर तेही पाळा. फोटोखाली ‘एक वृद्ध चौकीदार’ लिहिण्याऐवजी ते तिथं काय काम करतात, हे एका वाक्यात लिहा.

पैशाचं म्हणाल तर, फोटो काढण्याआधी नोट पुढं केली की माणूस आपल्याला हवं ते करून दाखवू लागतो. दिवसभर त्यांचा वेळ घेतला असेल तर निघताना, मानानं, त्यांना पटेल असं काही द्या. फोटो विकला गेला तर त्यातला वाटा पोहोचवा. आणि प्रिंट द्याच. बारा बाय आठ इंच, मॅट कागदावर, मागं पुठ्ठा लावून, टपालानं. पत्ता त्याच दिवशी लिहून घ्या, नंतर तो मिळत नाही.

सराव घराजवळच

या सगळ्याच्या सरावासाठी जैसलमेर गाठायची गरज नाही. कोकणात वाडीच्या वाडी बंद घरं आहेत. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला येतात, तोवर त्या घरांच्या चाव्या मागं राहिलेल्या एखाद्या काकांकडे किंवा काकींकडे असतात. तेच अंगण झाडतात, कौलं फिरवून घेतात, तुळशीला पाणी घालतात. उजनीच्या जलाशयात बुडालेल्या जुन्या पळसदेवचं मंदिर पाणी ओसरलं की उघडं पडतं, आणि गावातली म्हातारी माणसं आपलं घर कुठं होतं ते बोटानं दाखवतात. राखणदार म्हणून पगार मिळत नसला तरी राखण तीच आहे. लाल चिऱ्याच्या भिंतीसमोर, कोकणातल्या पावसाळी उजेडात करड्या छटांचं गणित पुन्हा नव्यानं मांडावं लागेल. चिरा तांबडा, त्यामुळं तिथं त्वचा आणि भिंत आणखीनच जवळ येतात. दाराच्या उजेडाचा उपाय तिथंही चालतो.

कुलधऱ्याला मी पुन्हा गेले तेव्हा प्रिंट सोबत नेली होती. पहिल्या वेळची खिन्न मुद्रेची नव्हे, ती मी कधीच कुणाला दाखवली नाही. त्या दिवशी फाटकापाशी काढलेली दुसरी होती, त्यात ते चाव्यांचा जुडगा हातात धरून सरळ माझ्याकडं बघत होते. त्यांनी प्रिंट हातात घेतली, उन्हाकडं तिरकी केली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, स्वतःचा चेहरा बघताहेत. त्यांनी बोट ठेवलं ते चेहऱ्यावर नव्हे, खांद्यामागच्या भिंतीवर. म्हणाले, हा वरचा दगड मागच्या पावसात पडला होता, आता परत बसवलाय, चला दाखवतो. आणि प्रिंट उपरण्यात गुंडाळून, काखेत धरून ते गावात चालू लागले.